१० मीटर एअर रायफलचा ग्रुप उघडतो तेव्हा : काय तपासावे आणि कुठे थांबावे

मुंबईत पाऊस सुरू झाला की नेमबाजीच्या रेंजवर एक तक्रार हमखास कानावर येते : ग्रुप उघडलाय, म्हणजे कार्डावरची भोके एकमेकांपासून दूर पडू लागली आहेत. आदल्या आठवड्यापर्यंत पाच शॉट एकाच भोकात घालणारी रायफल नऊच्या आणि आठच्या रिंगणात फिरू लागते. नेमबाज आधी स्वतःच्या होल्डला (रायफल स्थिर धरण्याला) दोष देतो, मग ट्रिगरला, आणि शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून रेग्युलेटर (हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) उघडण्याच्या गोष्टी सुरू होतात. क्लबच्या आणि विद्यार्थ्यांच्या रायफलींची देखभाल मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि हा एकच दोष पुन्हा पुन्हा माझ्यापुढे आला आहे. बहुतेक वेळा त्याचे मूळ पेलेटच्या (शिशाच्या छऱ्यांच्या) डबीत, एखाद्या सैल स्क्रूमध्ये किंवा नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या छोट्याशा ओ-रिंगमध्ये (हवा अडवणाऱ्या कड्यात) सापडते. म्हणून तपासणी फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून सुरू करावी आणि दाबाखालच्या भागांपाशी आपला हात थांबवावा, एवढे या लेखाचे सांगणे आहे.

हा मजकूर स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या ४.५ मि.मी. रायफलींबद्दल आहे. फाइनवर्कबाउ, वाल्थर, स्टायर, अन्शुट्झ यांची रचना तपशिलात वेगळी असली तरी तपासणीचा क्रम सगळ्यांना लागू पडतो. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलींना यातला पेलेटचा आणि स्क्रूंचा भाग तेवढा उपयोगी पडेल. त्यांचे बाकीचे आजार वेगळे आहेत.

एक-दोन मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप कशाला, असे पालक कधी कधी विचारतात. १० मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका फक्त ०.५ मि.मी. व्यासाचा असतो आणि तिथून बाहेर प्रत्येक रिंगण २.५ मि.मी. अंतराने वाढत जाते. दशांश गुणांकनात ०.१ गुण म्हणजे केवळ पाव मिलिमीटर. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्याचे एकूण गुण ७००.५ होते आणि दुसऱ्या क्रमांकाचे ६९९.७. अंतिम फेरीच्या मोजणीत हा ०.८ गुणांचा फरक अवघा दोन मिलिमीटर भरतो. रायफल स्वतःहून तेवढे खात असेल, तर नेमबाजाच्या मेहनतीवर अन्याय होतो.

लक्षणे

सर्वप्रथम कार्ड नीट पाहावे, कारण भोके कशी पसरली आहेत यावरून निम्मे निदान होते.

शॉट सगळ्या बाजूंनी सारखेच पसरले असतील, म्हणजे भोकांचा गोल मोठा झाला असेल, तर संशय पेलेटवर, नळीतल्या शिशाच्या थरावर किंवा स्टॉकच्या (यंत्रणा जिच्यात बसते त्या चौकटीच्या) स्क्रूंवर घ्यावा. भोके उभ्या रेषेत पसरली असतील तर हवेचा दाब, प्रोबची (पेलेट नळीत ढकलणाऱ्या दांड्याची) ओ-रिंग किंवा रेग्युलेटर यांच्याकडे वळावे. मात्र नेमबाजाचा श्वास आणि खांद्यावर बट प्लेट (स्टॉकचे मागचे टोक) बसण्याची जागा यांनीही अशीच उभी रेघ उमटते, हे विसरू नये. आडव्या पसरटपणाचा वेगाशी जवळजवळ संबंध नसतो. तिथे सैल साइट (नेम धरण्याचे साधन), एका बाजूने येणारा प्रकाश, रायफल तिरकी धरली जाणे किंवा ट्रिगर ओढताना बोटाचा बाजूला पडणारा दाब यांचा शोध घ्यावा.

एकाऐवजी दोन वेगळे घट्ट ग्रुप दिसत असतील तर कुठलातरी भाग दोन जागांमध्ये हलतो आहे, हे जवळपास निश्चित समजावे. ग्रुप घट्ट आहे पण सगळाच्या सगळा सरकला आहे, ही तक्रारच निराळी. गर्दीच्या लोकलमधून आणलेल्या रायफलच्या साइटला धक्का बसला असेल किंवा कोणी चीक पीस (गाल टेकवायचा भाग) हलवला असेल, तर असे होते आणि झिरो पुन्हा करून (साइट नव्याने जुळवून) काम भागते. दहा-पंधरा मिनिटे विश्रांती घेतल्यानंतरचा पहिला शॉट दर वेळी वर लागतो आणि पुढचे शॉट जागेवर येतात, या लक्षणाची मात्र वेगळी नोंद करून ठेवावी. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

सुरू करण्यापूर्वी

रायफल रिकामी आहे याची खात्री करावी, हाताळताना नळीत सेफ्टी फ्लॅग ठेवावा आणि नळीचे तोंड सतत पेलेट ट्रॅपकडेच असू द्यावे. चाचणीचे शॉट टेकू देऊन, म्हणजे स्टॉकचा पुढचा भाग वाळूच्या मऊ पिशवीवर ठेवून मारावेत. नळी कशालाही टेकू देऊ नये. पाच शॉटांच्या एका ग्रुपवर निष्कर्ष काढू नये, कारण पाच शॉट नशिबानेही जवळजवळ पडतात. दहा शॉटांचे निदान दोन ग्रुप घ्यावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पेलेट, स्क्रू आणि ओ-रिंग हे तिन्ही एकाच दुपारी बदलले आणि ग्रुप सुधारला, तर नेमके काय बिघडले होते ते कळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

कार्ड, ट्रॉली आणि प्रकाश

पहिली तपासणी रायफलला हातही न लावता होते. मोटरवर पुढे-मागे जाणारी कार्डाची ट्रॉली जुनी झाली की तिची तार सैल पडते आणि पंख्याच्या झोताने कार्ड हलू लागते. ते नेमबाजाला डायॉप्टरमधून (मागच्या, बारीक भोकाच्या साइटमधून) नीटसे जाणवतही नाही. ट्रॉली पलीकडच्या टोकाला नेऊन थांबवावी आणि रेंज बंद करून जवळ जाऊन कार्ड बोटाने हलवून पाहावे. पावसाळ्यात कार्डाचा कागद ओल धरतो, भोकाच्या कडा फाटतात आणि मग ९.८ की १०.१ हे पाहणाराच चुकतो. कार्डांचा गठ्ठा झिपच्या पिशवीत बंद ठेवला की हा प्रश्न मिटतो. सोसायटीच्या तळघरात किंवा पार्किंगमध्ये सराव करणाऱ्यांनी ट्यूबलाइटचा उजेड कुठून येतो तेही पाहावे. समोरच्या साइटच्या रिंगवर एका बाजूनेच उजेड पडला तर डोळ्याला तिचा मध्य किंचित सरकलेला दिसतो. सकाळी खिडकीतून आणि संध्याकाळी ट्यूबमधून प्रकाश येत असेल, तर त्याच रायफलचा ग्रुप दिवसातून दोनदा जागा बदलतो.

त्यानंतर शक्य असल्यास रायफल दुसऱ्या अनुभवी नेमबाजाच्या हाती द्यावी आणि त्याच्या रायफलवर स्वतः दहा शॉट मारावेत. दोष रायफलबरोबर गेला की तुमच्याबरोबर राहिला, हे दहा मिनिटांत समजते. इथे आणखी एक मुंबईची गोष्ट : कॅनव्हासचे आणि चामड्याचे जॅकेट दमट हवेत मऊ पडते, त्यामुळे पाठीचा आधार कमी होतो आणि होल्ड हलू लागतो. जुलैत ग्रुप उघडला म्हणून आलेल्या कित्येक रायफली टेकूवर ठेवल्या की उत्तम मारतात. तिथे जॅकेट पंख्याखाली वाळवणे हाच इलाज असतो.

पेलेट

मला सगळ्यात जास्त दोष इथे सापडले आहेत, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये.

सामन्याचे पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचे असते आणि मऊ शिशाचे बनलेले असते. पुढचे सपाट डोके नळीच्या खाचांवर टेकते आणि मागचा पातळ घागरा हवेच्या दाबाने फुलून नळी बंद करतो. या घागऱ्याची कड कुठे दबली असेल, तर नळीच्या तोंडातून बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी सुटते आणि पेलेटला बाजूला ढकलते. डबी बॅगेत उघडी पडणे, ती हातातून सुटणे किंवा पेलेट मुठीत घेऊन डबीत परत टाकणे एवढ्यानेही कड दबते. तपासण्यासाठी काचेच्या सपाट तुकड्यावर एकेक पेलेट आडवे ठेवून हलकेच ढकलावे. चांगले पेलेट डोके आणि घागरा यांच्या व्यासातल्या फरकामुळे सरळ न जाता सुंदर वळण घेत घरंगळते. कड दबलेले पेलेट त्याच वळणावर डुगडुगते किंवा मध्येच अडखळते. भिंगातून पाहिले तर दबलेली जागा चमकणाऱ्या बारीक रेघेसारखी दिसते.

डबीत पांढरट भुकटी दिसत असेल तर ते शिशाचे गंजणे आहे. समुद्राकाठच्या घरांत उघडी राहिलेली डबी एका पावसाळ्यात अशी होते. ही पेलेट सरावाच्या पहिल्या धड्यांसाठीही वापरू नयेत, कारण ती भुकटी नळीत जाते आणि हातांनाही लागते. शिसे विषारी आहे. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडून खायला बसू नये, आणि हे लहान मुलांच्या बाबतीत कटाक्षाने पाळावे.

मग लॉटचा, म्हणजे एकत्र बनलेल्या खेपेचा विचार. आरडब्ल्यूएस आर१० असो किंवा एच अँड एन फिनाले मॅच, त्याच नावाच्या दोन डब्या वेगवेगळ्या लॉटच्या असतील तर त्याच नळीतून त्यांचा ग्रुप वेगळा पडू शकतो. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा डबीवर छापलेला असतो आणि प्रत्येक नळीला त्यातला एखादा मानवतो. म्हणून ग्रुप उघडल्यावर पहिला प्रश्न असावा : नवी डबी उघडली का? उघडली असेल तर जुन्या लॉटची पेलेट मागून आणून दहा शॉट मारून पाहावेत. सामन्यासाठी चांगला लॉट सापडला की त्याच्या डब्या एकदम घेऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात.

स्क्रू

यासाठी योग्य मापाची अ‍ॅलन की लागते आणि शक्य असेल तर छोटा टॉर्क रेंच. पुढची साइट, मागचा डायॉप्टर, नळीवरची वजने, चीक पीस, बट प्लेट आणि शेवटी अ‍ॅक्शन (नळी आणि शॉट सोडणारी यंत्रणा) व स्टॉक जोडणारे स्क्रू, या क्रमाने प्रत्येकाला हात लावून पाहावा. डायॉप्टर दोन बोटांत धरून हलकेच हलवावा. अगदी पुसटसा खळखळाट जाणवला तरी तेच दोन ग्रुप पडण्याचे कारण असू शकते.

अ‍ॅक्शनचे स्क्रू महत्त्वाचे आहेत, कारण शॉट सुटताना अख्खी यंत्रणा स्टॉकमध्ये दर वेळी त्याच जागी बसलेली असावी लागते. लाकडी स्टॉक दमट हवेत फुगतो आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात आक्रसतो, त्यामुळे मे महिन्यात बरोबर आवळलेला स्क्रू पावसानंतर तसाच राहत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकला हा त्रास नसतो. किती आवळावे याचा आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तोच पाळावा. सैल वाटला म्हणून जोर लावून पिळला तर अ‍ॅक्शन ताणाखाली बसते आणि ग्रुप आणखी बिघडतो. आटे गेलेला किंवा फिरतच राहणारा स्क्रू आढळला तर तो तसाच चिकटवून चालवू नये.

साइट

डायॉप्टरची परीक्षा सोपी आहे. टेकूवरून एक शॉट मारावा, मग दहा क्लिक वर, दहा उजवीकडे, दहा खाली आणि दहा डावीकडे असे करत प्रत्येक कोपऱ्यावर एक-एक शॉट मारावा. शेवटचा शॉट पहिल्याच्या भोकात किंवा अगदी लगत पडला पाहिजे. तो दूर पडला तर आतला स्क्रू झिजला आहे किंवा त्यात कचरा बसला आहे, आणि क्लिक मोजून नेमबाज जे करतो आहे ते साइट करत नाही. कित्येकदा दिशा बदलताना पहिले एक-दोन क्लिक रिकामे जातात. अशा साइटवर हव्या त्या जागेच्या पुढे जाऊन नेहमी एकाच बाजूने परत यावे. समोरच्या बोगद्यातली रिंग घट्ट बसली आहे की गोल फिरते, तेही इथेच पाहून घ्यावे.

एसी असलेल्या रेंजमधून रायफल बाहेरच्या दमट हवेत नेली की थंड धातूवर दव धरते. ती लगेच बंद केसमध्ये घातली तर फोम ती ओल धरून ठेवतो आणि साइटचे स्प्रिंग व स्क्रू गंजतात. घरी पोहोचल्यावर केस उघडी ठेवून रायफल सुक्या कापडाने पुसावी. वरळी, दादर, वांद्रे अशा किनाऱ्यालगतच्या भागांत हवेत खार असतो, तिथे हे रोजचेच काम समजावे.

हवा

दाब दाखवणारा काटा पाहणे फुकट आहे, तरी पुष्कळजण तो पाहत नाहीत. बहुतेक सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. रेग्युलेटर त्यातून हवा बऱ्याच कमी, ठरावीक दाबाला उतरवून व्हॉल्व्हकडे देतो. सिलिंडरचा दाब त्या ठरावीक पातळीच्या खाली गेला की रेग्युलेटरच्या हाती काही उरत नाही आणि प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा हळू जातो. किती खाली चालते ते मॅन्युअलमध्ये दिलेले असते. सरावात काटा त्याच्या बराच वर असतानाच पुन्हा भरण्याची सवय लावावी.

वेगाचा कार्डावर किती परिणाम होतो, ते हिशेबाने पाहिले की उगाच भीती राहत नाही. पेलेट सेकंदाला १७० मीटर वेगाने गेले तर १० मीटरच्या प्रवासात ते सुमारे १७ मि.मी. खाली येते. वेग १६५ झाला तर सुमारे १८ मि.मी. आणि १६० झाला तर सुमारे १९ मि.मी. म्हणजे वेग दहा मीटरने घसरला तरी शॉट जेमतेम दोन मिलिमीटर खाली पडतो, एक रिंगणही पूर्ण नाही. तेव्हा ग्रुप आठच्या रिंगणापर्यंत पसरला असेल, त्यातही आडवा, तर रेग्युलेटरला दोष देण्यात अर्थ नाही. कारण वर सांगितलेल्या गोष्टींतच पुन्हा शोधावे.

भरल्यानंतर काटा खाली आला म्हणून घाबरून येणारेही असतात. भरताना हवा तापते. ४५ अंश सेल्सिअसला २०० बार दाखवणारा सिलिंडर २८ अंशांवर येईपर्यंत सुमारे १८९ बारवर उतरतो. ही गळती नव्हे. सिलिंडर अर्धा तास ठेवून मग वाचन लिहावे, रात्री सिलिंडर रायफलवरून काढून ठेवावा आणि सकाळी मीटर असलेल्या अडॅप्टरवर किंवा पुन्हा रायफलवर लावून दाब पाहावा. काढलेल्या सिलिंडरचा दाब टिकत असेल आणि रायफलवर लावलेल्याचा उतरत असेल, तर गळती रायफलमध्ये आहे. काढून ठेवलेल्या सिलिंडरचाच दाब उतरत असेल तर तो वापरातून बाजूला ठेवावा.

हातपंपाने भरणाऱ्यांसाठी पावसाळ्यातली ओल हा खरा प्रश्न आहे. ३० अंशांवर हवेचा एक घनमीटर जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ धरतो. आर्द्रता ९० टक्के असेल तर २७ ग्रॅम. ०.२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला सुमारे ४० लिटर बाहेरची हवा लागते आणि तिच्यात एक ग्रॅमहून थोडे जास्त पाणी असते. ती हवा ०.२ लिटरमध्ये कोंबल्यावर त्यातले जवळजवळ सगळे पाणी वाफेच्या रूपात राहूच शकत नाही. त्याचा काही भाग पंपाच्या सापळ्यात पडतो, उरलेला सिलिंडरमध्ये जातो, तिथून हळूहळू रेग्युलेटरपर्यंत पोहोचतो आणि गंज व अडखळणे सुरू होते. म्हणून पंपाला सुकवणारा फिल्टर लावावा, थोड्या थोड्या पंपांनंतर थांबून पंप थंड होऊ द्यावा आणि ओल बाहेर सोडावी. गाळून सुकवलेली हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरवर भरलेली स्क्युबा टाकी मिळत असेल तर पावसाळ्यापुरती तीच वापरावी.

दोन गोष्टी कोणीही, कोणत्याही कारणाने करू नयेत. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरू नये आणि भरण्याच्या तोंडावर, आट्यांवर किंवा पंपात खनिज तेल वा साधे ग्रीस लावू नये. जास्त दाबाखाली ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर स्फोट होतो आणि साध्या हवेतही दाबाखालचे तेल पेट घेऊ शकते. दवाखान्याचा सिलिंडर सहज मिळतो म्हणून तो मोह झालेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना तिथल्या तिथे थांबवावे लागते.

नळी

वरचे सगळे ठीक असेल तर नळी साफ करावी. एअर रायफलच्या नळीत शिशाचा पातळ थर हळूहळू साठतो आणि कुठेतरी मोहरीएवढा तुकडा चिकटला की पुढच्या प्रत्येक पेलेटला तिथे ओरखडा बसतो. साफ करण्यासाठी प्लॅस्टिकचे आवरण असलेली दोरी आणि ४.५ मि.मी.चे फेल्ट पुरेसे आहेत. दोरी मागून, म्हणजे पेलेट भरतो त्या बाजूने पुढे ओढावी. पुढून मागे ओढली तर घाण यंत्रणेत जाते आणि नळीच्या तोंडाची कड घासली जाते. पेलेट शेवटी ज्या कडेला स्पर्श करून सुटते ती हीच, त्यामुळे तिथली बारीकशी इजाही ग्रुपमध्ये दिसते. पितळी किंवा लोखंडी ब्रश वापरू नये. पहिले फेल्ट काळे येते, पुढची करडी, आणि फेल्ट जवळजवळ पांढरे निघाले की थांबावे. साफ केलेल्या नळीचे पहिले काही शॉट इकडेतिकडे जातात. ते मोजू नयेत आणि सामन्याच्या आदल्या रात्री नळी साफ करायला बसू नये.

प्रोबची ओ-रिंग

पेलेट नळीत ढकलणाऱ्या प्रोबवर एक बारीक ओ-रिंग असते. शॉट सुटताना हवा मागे निसटू नये हे तिचे काम आहे. ती कडक झाली, चिरली किंवा तिच्यावर केस बसला तर दर शॉटला थोडी-थोडी, वेगवेगळी हवा मागे जाते आणि ग्रुप उभा पसरतो. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी प्रोबच्या जोडावर सैल धरावी आणि पेलेट भरून ट्रॅपमध्ये शॉट मारावा. पट्टी फडफडली तर ओ-रिंग बदलावी. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेलीच ओ-रिंग घ्यावी, हार्डवेअरच्या दुकानातली जवळपासच्या मापाची चालत नाही. काढताना टोकदार पिनेने खाचेला ओरखडा पडू देऊ नये आणि मॅन्युअलने सांगितले असेल तरच, नुसता ओलावा येईल इतकेच सिलिकॉन ग्रीस लावावे. घरी करण्यासारखे हे शेवटचे काम आहे.

वेगमापक मिळाला तर याच टप्प्यावर दहा शॉटांचा वेग लिहून घ्यावा. चांगल्या अवस्थेतल्या रायफलमध्ये दहा शॉट काही मीटरांच्या आतच राहतात. मग दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा एक शॉट मारावा. तो स्पष्टपणे वेगवान निघाला आणि विश्रांतीनंतर दर वेळी तसेच झाले, तर रेग्युलेटर बंद असतानाही थोडी हवा पुढे सोडतो आहे. सुरुवातीला वेगळी नोंद करायला सांगितलेले लक्षण ते हेच.

इथे थांबावे

रेग्युलेटरचा संशय पक्का झाला की पुढे स्वतः जाऊ नये. रेग्युलेटर, व्हॉल्व्ह आणि सिलिंडरचे आटे हे दाबाखालचे भाग आहेत. ते उघडण्यासाठी दाब पूर्ण सोडण्याची ठरलेली पद्धत, खास अवजारे आणि जोडणीनंतरची चाचणी लागते. यूट्यूबवर पाहून ते होत नाही. चाळीस-पन्नास बार दाब शिल्लक असतानाही सैल झालेला भाग गोळीसारखा सुटतो. रेंजच्या आर्मररकडे (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याकडे) किंवा त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसकडे रायफल द्यावी.

सिलिंडरवर खोल ओरखडा, पोचा किंवा आट्यांना इजा दिसली, काढून ठेवल्यावर त्याचा दाब उतरत असेल किंवा त्यावरची मुदत संपली असेल, तर तो भरूच नये. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षांची धरली जाते आणि ती पाळण्याची जबाबदारी नेमबाजावर असते. मुदत संपलेला सिलिंडर नव्या मुलाला सरावासाठी देणे हेही चूकच आहे.

बट हलकेच आपटल्यावर किंवा बोल्ट बंद करताना ट्रिगर आपोआप सुटत असेल, तर त्या क्षणापासून रायफल रेंजवर वापरू नये. ट्रिगरचे स्क्रू अंदाजाने फिरवून तो दोष झाकला जातो, बरा होत नाही. नळीच्या तोंडाची कड खरवडली असेल किंवा रायफल पडून नळी वाकल्याचा संशय असेल, तर तेही तज्ज्ञाचेच काम आहे.

सर्व्हिसला देताना सिलिंडर काढून वेगळा द्यावा आणि सोबत एक कागद लावावा : लक्षण काय, ते कधीपासून, पेलेटचा लॉट कोणता, कोणकोणत्या तपासण्या झाल्या आणि प्रत्येकीचा निकाल काय, टेकूवरून मारलेली दोन कार्डे आणि असतील तर वेगाचे आकडे. एवढे हातात आले की कारागिराला सगळी यंत्रणा उघडून पाहावी लागत नाही. रायफल परत आल्यावर त्याच लॉटच्या पेलेटने, त्याच टेकूवरून, दहा-दहा शॉटांची दोन कार्डे मारून त्यांच्यावर तारीख घालावी आणि ती केसमध्ये ठेवावीत. पुढे कधी संशय आला तर तुलना त्या कार्डांशी करावी.